पंख फुटतो कुठून?

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही.

त्या राज्यात शेळ्या राखणारी एक बाई होती. तिला वेड एकच, जगात नसलेली जनावरं काढायची. शिंगं असलेले मासे, पंख असलेले वाघ. कोळसा, गेरू, चुना आणि शेळीच्या केसांचा कुंचला एवढीच तिची दौलत. गुरू नव्हता. नसेना! डोळे होते ना?

तिचा पहिला पंखवाला वाघ माळावरच्या कातळावर उमटला, तेव्हा पाणवठ्यावरच्या बाया पोट धरून हसल्या. “अगं, हा वाघ कुठला? बोकडाला सुपं बांधलीस होय!”

ती रडत घरी गेली नाही. कातळापुढे बसून राहिली आणि म्हणाली, “सुपंच दिसतात मेली. पण का?”

पुढे एकदा तिला मेलेली घार सापडली. तिनं पंख उघडला, मिटला, बोटांनी चाचपला. हाड थेट खांद्यात गेलेलं! “अगंबाई, पंख म्हणजे हातच की हा!” मग ती शेळी उठताना बघू लागली, मांजर उठताना बघू लागली. शेळी आधी मागचं अंग उचलते, मांजर आधी पुढचे पाय टेकतं. बघायचं, काढायचं, पुसायचं, पुन्हा बघायचं. अशी बारा वर्षं.

त्याच सुमारास राजानं नवी वेस बांधली, दोन बाजूंना दोन बुरूज असलेली. रीत अशी, की वेशीवर राखणदार प्राणी रंगवल्याशिवाय तिच्याखालून कुणी जायचं नाही. हे काम दरबारी चित्रकाराचं. बाई दरबारात जाऊन उभी राहिली. “महाराज, दोनांतला एक बुरूज मला द्या.”

चित्रकारानं विचारलं, “गुरू कोण तुझा?”

“एक घार, एक मांजर आणि बारा शेळ्या.”

दरबार खदखदला. चित्रकार म्हणाला, “एक बुरूज तू रंगव, एक मी. हरलीस तर जन्मात कुंचला धरायचा नाही. आहे कबूल?”

बाईच्या मनात आलं, कुंचला गेला तर मागं उरतं काय? पण ती म्हणाली, “कबूल. आणि तुम्ही हरलात तर?”

“तू सांगशील ते करीन!”

महिनाभरानं दोन्ही बुरुजांवरचे पडदे उतरले. चित्रकाराचा पंखवाला सिंह पोथीतल्या मापाचा, सोनेरी, झगमगीत. बाईचा गेरूचा. पंख मिटून बसलेला, पण पुढचे पंजे टेकून नुकतंच अंग उचलू लागलेला.

राजानं म्हाताऱ्या माहुताला हत्ती आणायला सांगितलं. हत्ती सोनेरी सिंहापाशी गेला आणि त्याच्यावर निवांत पाठ घासू लागला. मग वळला, गेरूच्या सिंहापुढे आला आणि जागीच थबकला. सोंड वर, कान ताठ. एक पाऊल मागे.

माहूत हात जोडून म्हणाला, “महाराज, सोनेरी सिंह लई देखणा. पण पंख कमरेला चिकटवलेत, त्यानं उडावं कसं? ह्या दुसऱ्याचं मात्र सांगता येत नाही. हा आत्ता उठेल.”

चित्रकार बराच वेळ गेरूच्या सिंहाचा खांदा न्याहाळत राहिला. मग भर वेशीत पागोटं काढून त्यानं मान लववली. “हरलो, बाई. सांग काय करू?”

“उद्या उजाडताच माळावर या,” बाई म्हणाली. “कुंचला नका आणू. आधी शेळ्यांमागं हिंडा.”

तो गेला. एक दिवस नाही, वर्षभर गेला. आणि पुढे त्यानं काढलेल्या सिंहावर पाठ घासायची कुठल्याच हत्तीची छाती झाली नाही.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: जगात नाही ते रंगवायचं असेल, तर जगात आहे ते आधी डोळे फाडून पाहावं लागतं.