एका फांदीचं झाड

फार जुनी गोष्ट आहे. पण जुनी आहे म्हणून संपली, असं समजू नका. एका गावात नियम होता. झाड स्वतःच्या परड्यात का असेना, पंचांना विचारल्याशिवाय तोडायचं नाही. वाढलेल्या फांद्या छाटायला मात्र कुणाला विचारावं लागत नसे. गावच्या पाटलाच्या वडिलांनी उमेदीच्या काळात हा नियम घालून दिला होता. नियम चांगला होता. पाळणारे चांगले नव्हते.

तिथल्या एका सधन शेतकऱ्याच्या परड्यात मोठा कडुनिंब होता. शेतकऱ्याला त्या जागी गोठा बांधायचा होता. पण झाडाची सावली कुंपणापलीकडे कुंभारणीच्या अंगणात पडायची आणि तिथं तिची कच्ची मडकी वाळायची. कच्चं मडकं सावलीत हळूहळू वाळवावं लागतं. कडक उन्हात ते तडकतं. शेतकऱ्याचं आणि पाटलाचं नाव मी सांगणार नाही, त्यांची तेवढी लायकी नाही. कुंभारणीचं नाव धुरपा.

पंचांनी झाड तोडायला नाही म्हटलं, तेव्हा शेतकऱ्यानं छाटणी काढली. आज एक फांदी, चार दिवसांनी दुसरी. धुरपा कुंपणापाशी येऊन म्हणाली, "दादा, माझं पोट आहे त्या सावलीवर."

"मी कुठं तोडतोय? छाटतोय," तो म्हणाला, आणि कुऱ्हाड चालवत राहिला.

धुरपानं पाटलाला बोलावून आणलं. तोवर बुंध्यावर एकच फांदी उरली होती. पाटलानं मान वर करून ती पाहिली.

"बाई, फांदी आहे, पानं आहेत, म्हणजे झाड आहे. नियम मोडलेला नाही."

"पण पाटील, सावली कुठं आहे?"

"नियमात सावलीचं काही म्हटलेलं नाही."

एवढं बोलून हा शहाणा घरी गेला आणि पोटभर जेवला. अरे, बाप घरात अंथरुणाला खिळून होता, नियम कशासाठी केला होता ते त्याला तरी विचारायचं. पण विचारलं की उत्तर मिळतं, आणि उत्तर नकोच होतं.

उन्हाळ्यात झाड वाळलं. वाळलेलं झाड तोडायला पंचांनी आनंदानं होकार दिला आणि गोठा उभा राहिला. इकडे धुरपानं उसाच्या पाचटाचा मांडव घालून पाहिला, तो वाऱ्यानं उडाला. अंगणातली मडकी एकामागून एक तडकली; तशीच भाजून पाहिली, पण गिऱ्हाईक घेईना. शेवटी तिनं चाक उचललं आणि माहेरच्या गावी जायला गाडी जुंपली.

नेमका त्याच दिवशी पाटलाचा बाप वारला. अंत्यविधीला मडकं हवं आणि दुसरा कुंभार दूरच्या गावात. धुरपाकडे धाडलेला भावकीतला माणूस रिकाम्या हातानं परतला, तेव्हा पाटील स्वतः धुरपाच्या दारात आला.

धड मडकं असतं तर तिनं दिलं असतं. मेलेल्या म्हाताऱ्याशी तिचं वैर नव्हतं. पण धड एकही नव्हतं. तिनं तडकलेल्या ढिगाकडे बोट दाखवलं.

"यातलं कुठलंही न्या. काठ आहे, गळा आहे, म्हणजे मडकं आहे."

पाटलानं त्यातल्या त्यात बरं मडकं उचललं. स्मशानात ते पाण्यानं भरून खांद्यावर घेतलं, आणि पहिली फेरी पुरी व्हायच्या आत सगळं पाणी त्याच्या पाठीवरून मातीत गेलं. उरलेल्या फेऱ्या त्यानं कोरडं मडकं घेऊन घातल्या. ज्यानं गावाला सावली राखायला शिकवलं, तो म्हातारा तहानलेला गेला.

पाटील रडला म्हणतात. रडू दे. धुरपाची गाडी तोवर शिवेपार गेली होती, आणि त्या गावात पुन्हा कुणी कुंभार राहायला आला नाही.

तात्पर्य : नियमाचा शब्द जपून त्याचा हेतू मारणारा माणूस नियम मोडणाऱ्यापेक्षा वाईट.