हिरव्या लोणच्याची पारख

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एका बाजारगावात एक लोणचेवाली राहायची. तिच्या लिंबू-मिरचीच्या लोणच्याला दूरदूरच्या गावांतून मागणी असे. मुरलं की मिरच्या काळपट पडायच्या, पण चव अशी की रंगाकडे कुणाचं लक्षच जात नसे.

मग गावात लोणचं विकणारा एक व्यापारी आला. त्याच्या बरणीतल्या मिरच्या सहा महिन्यांनीही पोपटासारख्या हिरव्यागार. लोक भुलले. लोणचेवालीच्या दुकानाकडे कुणी फिरकेना.

त्याच सुमारास गावातल्या मुलांना ओकाऱ्या सुरू झाल्या. वैद्य म्हणाले, पाणी बाधलं. विहीर उपसून झाली, तरी मुलं ओकतच होती.

लोणचेवालीच्या भावाचा पानमळा होता. वेलींवर रोग पडला की तो मोरचूद पाण्यात विरघळवून, त्यात चुना मिसळून शिंपडायचा. एकदा ती मळ्यात गेली, तेव्हा मातीच्या रांजणात मोरचुदाचे निळे खडे विरघळत होते. ढवळायला तिने विळा उचलला.

"ताई, लोखंड नको," भाऊ म्हणाला. "मोरचुदातलं तांबं त्यावर चढतं. हे बघ." त्याने विळ्याचं टोक बुडवून बाहेर काढलं. ते तांबूस झालं होतं.

"आणि हे पोटात गेलं तर?"

"ओकाऱ्या होतात. जास्त गेलं तर माणूस दगावतो. मागे मी रांजण ओढ्यात धुतला, तर मासे मरून वर आले. पाला मात्र यात हिरवा तो हिरवाच राहतो." भाऊ हसला. "तुझ्या मिरच्यांना लावू नकोस म्हणजे झालं."

ती हसली नाही. परतताना तिच्या मनात आलं, चिमूटभर मोरचूद आपल्यालाही मिळेल, गिऱ्हाईक परत येईल. मग शेजारणीची ओकून ओकून मलूल पडलेली लेक तिला आठवली, आणि तो विचार तिने तिथेच सोडला.

दुसऱ्याच दिवशी त्या मुलखाची राणी वाड्यासाठी लोणचं निवडायला आली. दोघांचीही एकेक बरणी समोर ठेवली. राणीचा हात हिरव्या बरणीकडे गेला.

"राणीसाहेब, थोडं थांबावं," लोणचेवाली म्हणाली. तिने पोती शिवायची दोन दाभणं राखेने लख्ख घासली आणि एकेका बरणीत खुपसली.

"मत्सर आहे हिला," व्यापारी म्हणाला.

"मग थांबायला काय हरकत आहे?" राणी म्हणाली.

तासाभराने दाभणं काढली. लोणचेवालीचं होतं तसंच होतं. व्यापाऱ्याचं तांबूस झालं होतं.

"हा मोरचूद आहे," लोणचेवाली म्हणाली. "माझ्या भावाचा मळा यानेच वाचवला. पण ते वेलींचं औषध. शेटजींनी ते आमच्या मुलांच्या पानात वाढलं."

राणीने व्यापाऱ्याला त्याचं लोणचं चाखायला सांगितलं. त्याने मान खाली घातली.

बरण्या ओढ्यापासून दूर, खोल खड्ड्यात पुरल्या. चार दिवसांत मुलं खडखडीत बरी होऊन अंगणात धावू लागली. पुढच्या बाजाराला लोणचेवालीच्या दुकानासमोर ही भलीमोठी रांग लागली. शेजारीण सर्वांत पुढे होती, कडेवर लेक घेऊन. लेकीने काळपट मिरचीचा तुकडा चोखला, नाक मुरडलं आणि पुन्हा हात पुढे केला.

तात्पर्य एवढंच: जिनसाचा गुण त्याच्या जागीच शोभतो. नुसत्या रंगाला भुलून कुठलीही वस्तू तोंडात घालू नये, आणि दुसऱ्याच्या पानात तर मुळीच वाढू नये.