मौनाचा एकोणचाळिसावा दिवस

“उद्या तोंडातून पहिला शब्द कोणता काढणार आहेस?”

उधोबाबांनी चालता चालता विचारलं आणि उजवा तळहात पुढे केला.

चिंतामणने वळून त्या तळहातावर बोटाने लिहिलं : ठरलं नाही.

खरं तर आठ दिवसांपूर्वीच ठरलं होतं. कोणता शब्द, किती हळू, आणि त्यानंतर डोळे किती वेळ मिटायचे, तेसुद्धा.

चिंतामण धोटे पूर्वी नागपुरात वकिली करायचा. तो उलटतपासणीला उभा राहिला की साक्षीदार घाम पुसू लागायचे. ते सगळं सोडून तो जंगलाच्या कडेला बाबांच्या मठीत येऊन राहिला, त्याला पाच वर्षं झाली होती. यंदा पौषात त्याने चाळीस दिवसांचं मौन धरलं. बाबांनी ‘धर’ म्हटलं नव्हतं. ‘धरू नको’ असंही म्हटलं नव्हतं.

आसपासची माणसं त्याला मौनीबाबा म्हणू लागली होती. वाटेत दिसला की पाया पडायची. उद्या संध्याकाळी मौन सुटणार म्हणून तीन गावं मठीत जमणार होती.

माघ सरत आला होता. सागाची पानं गळून वाटेवर थर साचला होता. पाऊल पडलं की चुरचुर आवाज व्हायचा. ऊन वर आलं होतं, पण सावलीत अजून अंगावर काटा येत होता.

बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळे. चिंतामण पुढे, त्याच्या खांद्यावर हात ठेवून बाबा मागे, असे दोघं रोज सकाळी चालायचे.

नाल्याच्या वळणावर चिंतामण थांबला.

पन्नास-साठ पावलांवर फुलवंता कुमरे बसली होती. पलीकडच्या टोल्यावरची, त्या छोट्या वस्तीतली बाई. सरपणाची मोळी बांधून झाली होती, आणि मान खाली घालून ती तळपायातला काटा काढत होती.

तिच्या पाठीमागे नाल्याची दरड होती. त्या दरडीवरून एक काळी पाठ वर येत होती.

अस्वल. पाठीवर पिल्लू.

वारा अस्वलाकडून बाईकडे वाहत होता. अस्वलाला तिचा वास नव्हता. बाईला त्याची चाहूल नव्हती.

“काय रे?” बाबांनी विचारलं. “का थांबलास?”

चिंतामणचं तोंड उघडलं...

आणि मिटलं.

एकच दिवस. एकच तर दिवस उरला होता.

“चिंतामण, काय दिसतंय?”

त्याने जोरात टाळ्या वाजवल्या. फुलवंताने मान वर केली. समोर मौनीबाबा दिसले. तिने बसल्या जागेवरून हात जोडले आणि पुन्हा काट्याकडे वळली.

अस्वल दरड चढून वर आलं होतं. नाक जमिनीला लावून ते सरळ तिच्याकडेच येत होतं.

चिंतामणने दोन्ही हात हलवले. बाई बघत नव्हती. बाबांना दिसत नव्हतं.

“अरे, तुझा खांदा लाकडासारखा झालाय. बोल!”

चिंतामणने बाबांचा हात ओढला आणि तळहातावर लिहू लागला.

अ...



स्...

बाबांनी हात हिसकावून घेतला. काठी जवळच्या सागावर आपटली, आणि छाती फुटेल असे ओरडले, “कोण आहे तिकडं? ऊठ! जीव वाचव, ऊठ!”

फुलवंता उठली, वळली, किंचाळली. अस्वल तिच्यापासून दहा पावलांवर दोन पायांवर उभं राहिलं. ती मागे सरकताना मोळीला अडखळून पडली. अस्वल धावून आलं आणि त्याने पंजा मारला तो मोळीवर. लाकडं उडाली.

बाबा ओरडतच होते. काठी झाडावर आपटतच होते. त्यांना काहीच दिसत नव्हतं, तरी ते आवाजाच्या दिशेने पुढे निघाले होते.

अस्वलाने त्या गोंगाटाकडे एकदा तोंड फिरवलं. फुसकारलं. मग पिल्लू पाठीवर सावरत दरड उतरून गेलं.

जंगल शांत झालं.

“अस्वल!” चिंतामणच्या तोंडून निघालं.

एकोणचाळीस दिवस न वापरलेला तो आवाज चिरका आणि परका वाटला. त्याचा त्यालाच.

फुलवंता जमिनीवरून उठली. तिचं कोपर सोललं होतं, रक्त मनगटापर्यंत ओघळत होतं. ती हळूहळू चालत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

“आता सांगून राह्यला?”

त्याची नजर तिच्या सोललेल्या कोपरावर गेली.

“तुले दिसलं व्हतं न?”

“...हो.”

“केव्हापासून?”

वकिलाला हा प्रश्न ओळखीचा होता. असे शेकडो प्रश्न त्याने दुसऱ्यांना विचारले होते.

“दरडीवर होतं, तेव्हापासून.”

“घरी माही पोरगी बाळंतीण हाये,” फुलवंता म्हणाली. “आठ दिवसाचं लेकरू हाये तिचं. तिच्यासाठी पाणी तापवाले लाकडं नेत व्हती मी. अन् मी तुले हात जोडले!”

तिने तोंड फिरवलं आणि विखुरलेली लाकडं गोळा करू लागली. एका हाताने. दुसरा हात तिने पोटाशी धरला होता.

चिंतामण बाबांच्या पायांशी बसला.

“बाबा, चुकलो. मौनही गेलं, आणि... प्रायश्चित्त द्या. पुन्हा पहिल्या दिवसापासून धरतो. चाळीस नाही, ऐंशी दिवस.”

बाबांना अजून धाप लागली होती. ओरडून त्यांचा गळा बसला होता.

फुलवंताने मोळीची दोरी आवळली.

त्या आवाजाकडे बाबांनी मान वळवली.

“ती मोळी डोक्यावर घे,” ते म्हणाले. “आणि हिचं घर येईपर्यंत गप्प राहू नकोस.”