नेरमीनबाईंचं निळं भांडं

१४ मार्च, शनिवार. इझमीर. समुद्रावरून गार वारा, ऊन स्वच्छ. खाडीपलीकडचे डोंगर स्पष्ट दिसत होते.

“...पण या सगळ्यांत उत्तम कुठलं? तेवढं एकच सांगा, अण्णा.”

चौबळांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. नोकरीसाठी पेणहून या तुर्की शहरात आल्यापासून ते रोज संध्याकाळी नव्या लोकांतेत जेवत होते. लोकांता म्हणजे इथली खाणावळ. कुठलं वांगं तेलकट, कुठला मासा कालचा, कुठला भात गिचका, सगळं त्यांना तोंडपाठ होतं.

अण्णा परुळेकर तरुणपणी जहाजावरून इथं उतरले आणि राहिले. त्यांच्या गच्चीत आम्ही चारसहा मराठी माणसं शनिवारी जमतो. अण्णा फारसं बोलत नाहीत. शेंगा सोलत बसतात.

“घाई कसली आहे?” त्यांनी विचारलं.

“बायको येतेय पुढच्या शनिवारी, उल्का. परतीचं तिकीट काढूनच. म्हणाली, दोन आठवडे बघते. तिथं आपलं कोण आहे, असं विचारते. तिला पहिल्याच दिवशी अशा ठिकाणी न्यायचंय, की परत जायचं नावच काढू नये.”

“आणि काढलं तर?”

चौबळांनी हातातली पिशवी मांडीवर घेतली.

“तर मीही बॅग भरीन. एकट्यानं जेवून जेवून कंटाळलो, अण्णा.”

अण्णांनी एक शेंग फोडली.

“पिशवीत काय आहे?”

“भांडं. कोपऱ्यावरच्या लोकांतेवाल्या नेरमीनबाईंचं. मला ताप होता, तेव्हा त्यांनी घरी सूप पाठवलं होतं. जाताजाता देऊन टाकतो. सूप बरं होतं, पण लिंबू जरा...”

“बघू.”

इनॅमलचं निळं भांडं, वर झाकण. चौबळांनी लख्ख घासलं होतं. अण्णांनी आतून डाव मागवला, झाकण काढलं आणि त्या रिकाम्या भांड्यातून आम्हाला एकेकाला वाढू लागले. आम्ही ओंजळी पुढं केल्या.

“घ्या हो, लाजू नका. चौबळ, तुम्हाला आणखी?”

आम्ही हसलो. चौबळ हसले नाहीत.

“पेणला शेजारणीचं भांडं असंच परत जायचं?”

“...नाही. आई चिमूटभर साखर तरी घालायची.”

अण्णांनी झाकण लावलं.

“पण मला फक्त शिरा येतो, अण्णा. आणि तोही...”

“मला नका विचारू. माझं पोट भरलं.”

१९ मार्च. ढगाळ. दुपारी थोडी भुरभुर.

चौबळांनी शिरा केला. रवा तळाला लागला, गुठळ्याही झाल्या. दुभाष्या म्हणून मला सोबत नेलं.

नेरमीनबाई साठीच्या, ठसठशीत. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला, चमचाभर खाल्लं. चेहरा एकदम उतरला. गल्ल्यामागून बाहेर येऊन त्यांनी चौबळांचे दोन्ही हात धरले.

“कोण गेलं?”

मी भाषांतर केलं.

“कोणी नाही!” चौबळ दचकले.

इथं घरातलं माणूस गेलं, की रव्याचा हलवा करतात आणि शेजारी वाटतात. चौबळांना हे कुठलं ठाऊक! तोवर आतून आचारी आला आणि टोपी काढून उभा राहिला. जेवणाऱ्यांनी चमचे खाली ठेवले.

“अहो, सांगा ना यांना,” चौबळ मला म्हणाले. “माझी बायको येतेय. शनिवारी.”

मी सांगितलं.

मग नेरमीनबाई पोट धरून हसत सुटल्या.

“बायको येतेय, म्हणून हा मयताचा हलवा करतो! इतकी वाईट आहे का बिचारी?”

भांडं टेबलाटेबलावर फिरलं. आचारी म्हणाला, लागलाय. एक म्हातारा म्हणाला, लागलाय म्हणूनच तर चव आहे. दोघांची जुंपली. कोणीतरी चौबळांना आपल्या टेबलाशी ओढून बसवलं. बाईंनी घरच्यांसाठी केलेली भेंडी त्यांच्या पुढ्यात आली. ती पाटीवर कुठंच लिहिलेली नव्हती.

चौबळांनी खाल्ली. मत दिलं नाही.

२१ मार्च. पहाटे पाऊस, नंतर ऊन.

उल्काताईंना घेऊन आम्ही विमानतळावरून थेट तिथंच गेलो. नेरमीनबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी उल्काताईंना आपादमस्तक न्याहाळलं आणि आत वळून ओरडल्या, “जिवंत आहे!”

आतल्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कारण सांगितलं, तेव्हा उल्काताई हसून हसून दारातच खाली बसल्या.

४ एप्रिल, शनिवार. ऊबदार. वारा पडलेला.

गच्चीत चौबळ आले, मागून उल्काताई. हातात निळं भांडं.

“अण्णा, आता तुम्हीच न्याय करा,” उल्काताई म्हणाल्या. “मी वालाचं बिरडं दिलं, भांडं भरून परत. करंज्या दिल्या, पुन्हा भरून परत. ती रिकामं देत नाही, मी रिकामं देत नाही. हे संपायचं कसं?”

“तुम्ही आज निघणार होतात ना?” मी विचारलं.

“निघणार कशी? भांडं माझ्याकडे आहे.”

त्यांचं विमान सकाळी दहा चाळीसला सुटलं होतं.

“पण अण्णा,” चौबळ म्हणाले, “सगळ्यांत उत्तम कुठलं, ते तुम्ही सांगितलंच नाहीत.”

अण्णांनी झाकण उचललं. वाफ आली.

“डाव आणा.”