शेंदराचं दार

फार जुनी गोष्ट आहे, आपल्या पणज्यांच्याही पणज्या रांगत होत्या तेव्हाची. डोंगराच्या कुशीत एक तळं होतं आणि तळ्याच्या खालच्या अंगाला एक गाव. दोघांच्या मध्ये मातीचा बांध, आणि बांधात एक लोखंडी दार. तळं भरलं की रहाटानं दार वर ओढायचं आणि पाणी पाटाला सोडायचं. दार उघडलं नाही तर बांध फुटणार, आणि बांध फुटला तर गाव वाहून जाणार.

दाराची राखण एका पाटकऱ्याकडे होती. त्याचा आजा दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की विटेच्या तुकड्यानं दार खरवडायचा. लोखंड लख्ख झालं, उन्हात कोरडं झालं, की कढत जवसाचं तेल चोळायचा. म्हणायचा, "गंज म्हणजे लोखंडाची वाळवी बाबा. घरात घेतली की घर खाते."

पण एका साली मोठा पूर आला आणि दारानं गाव तारलं. कुणा बाईनं भक्तीनं दाराला शेंदराचं बोट लावलं. पुढच्या साली साऱ्याजणींनी लावलं. होता होता दाराची 'दाराई' झाली. दर आखाडात नारळ, निवद आणि तेल-शेंदराचा लेप. लेपावर लेप चढले, दार कसं लालबुंद, गुबगुबीत दिसायला लागलं. आता खरवडणार कोण? देवीच्या अंगावरचा शेंदूर काढला तर हात नाही का झडायचे!

एका उन्हाळ्यात पाटकऱ्यानं सहज दारावर थाप मारली. लोखंड कसं ठण्ण वाजतं. हे थप्प वाजलं, नासक्या भोपळ्यासारखं. पाटकऱ्यानं ओळखलं, शेंदराखाली वाळवी लागली.

तो दाराईची पूजा करणाऱ्या गुरवाकडे गेला. "गुरवबाबा, दाराईला एकदा खरवडून बघू या का?"

गुरवानं कानांवर हात ठेवले. "पाटकऱ्या, आधी चूळ भर! उद्या म्हणशील आईचं लुगडं फेडून बघू. गावानं ऐकलं तर पाट तुझ्या पाठीवरून नेतील."

पाटकरी घरी आला आणि गप्प बसला. आखाडात त्यानंही लेप लावला, साऱ्यांपेक्षा जाडच. भीती झाकायला शेंदूर बरा पडतो.

पुढच्या भादव्यात पाऊस लागला तो उसंत घेईना. तळं काठोकाठ आलं. गावातलं सगळ्यात खालचं घर पाटकऱ्याच्या लेकीचं, आणि लेक ओली बाळंतीण. पाटकऱ्यानं रहाटाला हात घातला. साखळी ताणली, करकरली, पण दार हललं नाही. गावातले गडी धावले. दार खोबणीत जाम रुतलेलं.

"आई रुसली!" गुरव ओरडला. "शेंदूर आणा रे, शेंदूर!"

तेवढ्यात बांधाच्या टोकाचं ढेकूळ सुटलं आणि पाण्यात बुडालं. मग दुसरं. पाटकऱ्यानं पहार उचलली. गुरव दारापुढे आडवा झाला.

"आधी माझ्या छातीत घाल."

"सरका बाबा. माझी बाळंतीण खाली आहे. तुमची सूनही खालीच आहे."

"कोप होईल, मेल्या!"

"तो झालाय. मला मागच्या उन्हाळ्यातच कळलं होतं, आणि मी जीभ चावून बसलो. आज नाही बसणार."

गुरवानं खाली गावाकडे पाहिलं. मग तो बाजूला झाला.

पहारेचं टोक शिरलं तसा लेप झाडाच्या सालीसारखा सुटून पडला. त्याच्यामागे गंजाचे पापुद्रे ओंजळीनं गळाले. पाटकऱ्यानं बोट टेकवलं, तर बोट लोखंडात रुतलं आणि पाण्याची धार तोंडावर उडाली. लोखंड उरलंच नव्हतं. नुसता शेंदूर दार होऊन उभा होता!

आता ओढलं तर दार फाटून पाणी गावात घुसणार, थांबलं तर बांध फुटणार. एकच वाट राहिली. भातशेताच्या अंगाला बांध आपल्याच हातानं कापायचा. भात पोटरीला आलेलं, साऱ्या गावाच्या वर्षाचा घास. कुणाचा हात उठेना.

तेव्हा गुरवानं कुदळ घेतली. पाण्याच्या वाटेवरचं पहिलं शेत त्याचंच होतं, इनामाचं. "हाणा रे," तो म्हणाला, "माणसं राहिली तर भात पुन्हा पिकेल."

पाणी शेतांवरून गेलं आणि मागे नुसता चिखल ठेवून गेलं. घरं राहिली. लेक राहिली, तान्हं राहिलं. पण त्या साली गावानं भाजीपाल्यावर आणि कंदांवर दिवस काढले. उन्हाळ्यात रिकाम्या तळ्याला भेगा पडल्या, आणि बाया डोंगरापलीकडून हंडे आणू लागल्या. पाटकऱ्याला कुणी शिवी दिली नाही. पण वाटेनं हंडा घेतलेली बाई दिसली की त्याची मान आपोआप खाली जायची.

पुढे नवं दार बसलं. एक म्हातारी शेंदराची वाटी घेऊन आली आणि गुरवाला विचारू लागली, "दाराईला किती वाहू रे बाबा?"

गुरव म्हणाला, "शेंदूर टिळ्यापुरता लाव, आजी. बाकी आईला आता हात वाहायचे. बाह्या सारून या म्हणावं सगळ्यांना."

म्हणून सांगते, ज्याला जपायचं त्याला नुसतं माखू नये. आधी खरवडून पाहावं.