नाव नसलेला डाव

कुसुंबगडच्या जत्रेत सरकारांचा लाडका पैलवान दौलती याला मायाप्पा नावाच्या धनगर गड्यानं डोळ्याचं पातं लवायच्या आत चितपट केलं. मैदान उसळलं, पण सरकार तडकले.

"ही ना ढाक, ना धोबीपछाड! आमच्या तालमीत ज्याला नाव नाही, तो डावच नव्हे. कुस्ती रद्द! गदा मिळणार नाही."

मायाप्पानं हात जोडले. "मान्य, सरकार. मी डाव टाकलाच नाही. तेवढं मैदानाला सांगून टाका, की दौलती पैलवान आपणहून आडवे झाले."

मैदानात हशा पिकला. लालबुंद झालेला दौलती ओरडला, "डावच होता, सरकार! असा पक्का डाव मी जन्मात पाहिला नाही!"

सरकारांनी गदा उचलली आणि मायाप्पाच्या खांद्यावर ठेवली.