जाताना दोन तास, येताना शून्य

“जाताना दोन तास आणि येताना शून्य? समुद्र काय येताना आटतो?” माडबेटाचा राजा दर्यासेन विमानतळावरच कडाडला.

समोर वैमानिक बाबल उभा. राजाला सासुरवाडीहून, म्हणजे शिंपबेटाहून, घेऊन तो आत्ताच उतरला होता. सकाळी इथल्या घड्याळात नऊ वाजता निघाले, तर तिथल्या विमानतळावर अकरा वाजलेले. दुपारी तिथून चारला निघाले, आणि इथे उतरून बघतात तो चारच! राजा काही मनगटाला घड्याळ बांधत नसे. बेडी वाटते म्हणे!

“महाराज, अंतर दोन्हीकडून सारखंच हो. पन्नास कोस.”

“मग जाताना गिरक्या मारत असशील! उद्या जातानाही शून्य वेळात पोचव. नाहीतर विमान काढून घेईन आणि होडी वल्हवायला बसवीन!”

बाबल घरी येऊन कपाळाला हात लावून बसला. बायको येसू माडाच्या पात्यांचे हीर, म्हणजे मधल्या काड्या, काढून केरसुण्या बांधायची. ऐकतानाही तिचे हात थांबले नाहीत.

“एवढंच ना? उद्या मी येते.”

“येऊन काय विमान ढकलणार आहेस?”

“तुम्ही हाका हो नीट. बाकी माझ्यावर सोडा.”

दुसऱ्या दिवशी येसू झावळ्यांचा भारा घेऊन थेट राजाशेजारी बसली. विमान उडालं तशी हिची सुरी सुरू! चर्र, चर्र! कचरा सगळा राजाच्या जरीच्या अंगरख्यावर.

“अगं बाई, हे काय?”

“वेळ मोजतेय, महाराज. वीस हिरांची एक जुडी. माझा हात कुणाला भिऊन पळत नाही की रेंगाळत नाही. तुम्हीच मोजा!”

राजाने मोजल्या. जाताना नऊ जुड्या. येताना? नऊच! घड्याळं मात्र कालच्यासारखीच. तिकडे अकरा, इकडे चार.

“जुड्या सारख्या, मग घड्याळांना काय झालं?”

“अभय असेल तर सांगते.”

“दिलं! बोल!”

“शिंपबेटावर सूर्य उगवला की सहा वाजतात. आपल्याकडे कायदा आहे, राजा सहाला उठतो. म्हणून आपण डोळे उघडलेत की घंटा होते आणि बेटावरचे सगळे काटे सहावर लावतात. सूर्य बिचारा तासभर आधीच येऊन बसलेला असतो!”

विमानतळाच्या घड्याळाला किल्ली देत घड्याळजी उभा होता. राजाने त्याच्याकडे डोळे वटारले. “खरं का रे?”

“सरकार, एकदा खरे सहा वाजवले होते. आपण उशी फेकून मारलीत!”

“महाराज,” येसू म्हणाली, “तासाभराचंच उड्डाण आहे. विमान वेळेवर उडतं, उशीर होतो तो आपल्या अंथरुणाला!”

राजा आधी लाल झाला, मग असा हसला की पोट धरून धावपट्टीवरच बसला.

“बाबल, विमान तुझंच! आणि येसूबाई, विमानतळाभोवतीचे सगळे माड तुला दिले! घड्याळजी, काटे खरे लाव रे! आणि कायदा बदला. राजा सातला उठतो!”